साडूची कणकेची मूठ

समस्त मराठी जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आयर्लंडच्या शस्त्रकायद्याशी कणकेच्या गोळ्याने झुंज देणारा भूतलावरचा एकमेव इसम माझा साडू आहे.

तिथल्या शॅनन गावातल्या एका कारखान्यात तो शस्त्रक्रियेच्या अवजारांच्या मुठी डिझाइन करतो. त्याला जगात दुसरं काही दिसतच नाही. आमच्याकडे जेवायला आला की आमटी कशी झालीय ते सांगणार नाही. डावाची दांडी मनगटाला किती छळते यावर प्रवचन देईल. एकदा माझ्या बायकोच्या तव्याची मूठ त्याने न विचारता तासली. "ताई, आता धरून बघा." तेव्हापासून तो तवा फक्त डावखुऱ्यांना धरता येतो, आणि आमच्या घरात डावखुरं कुणी नाही.

त्याच्या शेजारी नोरीन राहते. सत्तरी ओलांडलेली, एकटी, आणि रायफलने कागदी लक्ष्य टिपण्यात पटाईत. वीस साली लॉकडाउनमध्ये तिचा नेमबाजीचा क्लब बंद झाला आणि इकडे मनगट आखडलं. रायफलच्या दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडी भागावर, हात वळेना. पिस्तुलासारखी खाली उतरणारी मूठ बसवणं सोपं होतं. पण मग हीच रायफल कडक परवान्याच्या गटात जाईल, असं ठाण्यातल्या सार्जंटने बजावलं. "विकून टाकते. इट्स ग्रँड," नोरीन कुंपणाच्या भिंतीपलीकडून म्हणाली; आयरिश माणसाचं 'चालतंय की' ते हेच. त्या आवाजात ग्रँड काहीच नव्हतं.

झालं. साडूने परातीतली कणीक उचलली, गोळा भिंतीवर ठेवला आणि कोरोनाच्या नियमाप्रमाणे दोन मीटर मागे सरकला. "दुखरा हात, नोरीन. दाब." ठसा वाळवायचा, मापं घ्यायची, की पुन्हा नवा गोळा. मूठ दस्त्यापासून सुटी दिसता कामा नये, तरी मनगटाला आराम हवा. मेहुणी वैतागली. "अहो, मी पोळ्या करू की बंदुका?"

"आज भात लाव," साडू म्हणाला. तो 'आज' चांगला महिनाभर चालला.

शेवटी क्लबच्या कारागिराने तो आकार अक्रोडाच्या लाकडात उतरवला. सार्जंटने रायफल उलटीसुलटी करून पाहिली. "यात मूठ कुठेय?"

"नाहीच," साडू म्हणाला. मूठ नसल्याचा अभिमान त्याला जन्मात पहिल्यांदा वाटला असेल. परवाना होता तसाच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात क्लब उघडला तेव्हा आम्ही सगळे गेलो. नोरीन टेबलाशी बसली, दस्ता हातात घेतला आणि तशीच थांबली. नेम धरेना, गोळी झाडेना. साडूचा चेहरा उतरला. "खुपतंय का कुठे? तासून देतो."

तिने मान हलवली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "वर्ष झालं रे, माझा हात कुणी असा धरला नव्हता."