रानमांजराची मान

कुणी 'प्रेस' म्हटलं की ती घटना माझ्यापुढे जशीच्या तशी उभी राहते.

महाराष्ट्र पोलीस दलातून निरीक्षक म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी तेव्हा नुकताच आयर्लंडला आलो होतो. बायकोला डब्लिनच्या चेरीवूडमध्ये नोकरी लागली होती. उभ्या नोकरीत लोकांना नाव, पत्ता, धंदा विचारणाऱ्या मला इथल्या अर्जात 'पत्नीवर अवलंबून' असं लिहावं लागलं. मंदीचे दिवस होते. ओंगारच्या आमच्या वसाहतीत घराघरावर 'विकणे आहे'च्या पाट्या होत्या. मी सकाळी फिरून येई, कुकर लावी, आणि आसपास एखादा बरा गुन्हा घडावा म्हणून देवाला साकडं घाली.

देवानं ऐकलं. एका दुपारी दारात सार्जंट उभा राहिला. उंच माणूस, गाजरासारखे लाल कान.

"तुम्ही मराठी बोलता? आणि पोलीस होतात?"

"दोन्ही."

"ग्रँड. मग कोट घ्या."

गाडीत त्यानं हकिगत सांगितली. मराठी समजणाऱ्या कुणीतरी ठाण्यात येऊन खबर दिली होती. भिंतीपलीकडून एक बाई फोनवर बोलताना ऐकू आली. ती म्हणत होती, "मान कापून आखूड केली. खांदा पाडला. पण आतच अडकलंय, बाहेर निघत नाही." खबर देणाऱ्याचं नाव सार्जंटनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खबऱ्याचं नाव न विचारणं हा सगळ्या देशांच्या पोलिसांचा एकच धर्म आहे.

पोलीस प्रेत शोधायला गेले. प्रेत नव्हतं. टेबलावर पितळेची काही काडतुसं उभी होती आणि शेजारी मोठं रेखाचित्र पसरलेलं होतं. खुनाचा संशय फिटला आणि दारूगोळ्याचा बसला. बाई आगीतून निघाली ती थेट फुफाट्यात.

ती पस्तिशीची, नागपूरची, यंत्रांचे सुटे भाग बेतणारी अभियंता. एकटी राहायची. नेमबाजीच्या क्लबात जायची, तिथला रीतसर परवाना होता. पण या देशात सामान्य माणसाला घरी काडतूस भरायची मुभा नाही. गुन्हा नोंदला गेला असता तर नोकरी गेलीच असती, शिवाय इथं राहण्याचा परवानाही गेला असता. वकिलानं तिला बजावलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. ती बोलत नव्हती.

मी चौकशीच्या खोलीत शिरलो आणि जुन्या सवयीनं आधी तिची नजर कुठे आहे ते पाहिलं. अट्टल गुन्हेगार दाराकडे बघतो, नवखा पोलिसाच्या तोंडाकडे. ही बघत होती टेबलावरच्या रेखाचित्राकडे. जप्त करताना कुणीतरी त्याची चौघडी घातली होती आणि ती घडी बाईला अटकेपेक्षा जास्त टोचत होती. मी कागद उलगडला, तळहातानं सपाट केला. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

काय चित्र होतं ते! नोकरीत काही वर्षं शस्त्रागार माझ्या ताब्यात होतं. पंचनाम्यात 'रिकामी पुंगळी एक' असं किती वेळा लिहिलं त्याला सुमार नाही. पण पुंगळी इतकी देखणी असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. काडतुसालाही मान असते, खांदा असतो, अंग असतं. कारखान्यात न जन्मलेलं, कुणा हौशी डोक्यानं जुन्या काडतुसावरून नव्यानं बेतलेलं काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. बाईंनी कोपऱ्यात सुबक अक्षरात त्याचं बारसंही केलं होतं: रानमांजर.

आणि ते बेतलं होतं सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइनसाठी. ही आखूड बंदूक एक गोळी सुटली की रिकामी पुंगळी आपणच बाहेर फेकते आणि पुढचं काडतूस आपणच ओढून घेते. जेवणाच्या बाबतीत फार नखरेल. मान जरा लांबली, खांदा जरा फुगला, की घास घशात अडकलाच. एका बाईनं हौसेखातर, निव्वळ कागदावर आणि नमुन्यांवर, त्या बंदुकीच्या घशाचं माप घ्यायला घेतलं होतं. मी नमुना उचलून तळ पाहिला. भरीव पितळ. दारूला जागा नाही, ठिणगी पाडणाऱ्या टोपीला भोक नाही.

"हे कसं उडेल?" मी सार्जंटला विचारलं. "त्याआधी आमच्या देवघरातली समई उडेल."

"आमचा तज्ज्ञही तेच म्हणाला," तो म्हणाला. "हे नमुने आहेत. मला काळजी आहे ती बाकीच्यांची."

त्यानं तिच्या फोनमधला एक संदेश दाखवला. वडिलांना इंग्रजी अक्षरांत पाठवलेली मराठी: 'सगळ्या प्रेस करून झाल्या. थोड्या शेजारी ठेवल्यात. शनिवारी हॉलवर नेते.' फोनवरच्या दुभाष्यानं 'प्रेस' हा शब्द मुळात इंग्रजीच म्हणून तसाच ठेवला होता. 'शेजारी'चं केलं होतं 'जवळपास'.

"आमच्याकडे प्रेस म्हणजे कपाट," सार्जंट म्हणाला. "बंदूकवाल्यांत प्रेस म्हणजे काडतूस भरायचं यंत्र. कपाट तर कुणी 'करत' नाही. मग काय केलं तिनं? आणि शनिवारी कुठल्या हॉलवर काय नेतेय?"

प्रश्न बिनतोड होता. व्याकरणही बाईंवर उलटलं होतं: पुंगळ्याही 'सगळ्या', गोळ्याही 'सगळ्या'. पण माझी नोकरीतली तीन वर्षं नागपुरात गेली होती. पुण्यात आपण कपड्यांना इस्त्री करतो, नागपुरात प्रेस करतात. आणि साड्याही 'सगळ्या'च असतात.

सार्जंटला हे सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघं एकाच मुलखातले. मी तुमच्या शब्दावर तिला सोडू?"

मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. म्हणून म्हटलं, "मग ज्याला या अटकेचं काहीच माहीत नाही, त्याला विचारू. तिच्या वडिलांना."

वकिलानं तिच्याकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली, आणि मौन मोडून मला मराठीत एवढंच म्हणाली, "काका, मी कुठे आहे ते बाबांना सांगू नका." माझी तेव्हा पन्नाशीही उलटली नव्हती. पण काका म्हटल्यावर माणूस अडकतो. तिचं म्हणणं मी इंग्रजीत सांगितलं. सार्जंटनं खांदे उडवले.

वडील दारूगोळा कारखान्याच्या आरेखन विभागातून निवृत्त झालेले. फोन स्पीकरवर लावला.

"नमस्कार काका, डब्लिनच्या मराठी मंडळातून बोलतोय." खोटं नव्हतं, मी वर्गणी भरली होती. "तुमच्या मुलीकडे प्रेस आहे का हो?"

"हाये ना भाऊ. पन जुनी हाये, लय तापते. सिल्कच्या साडीवर नोका ठेवू, भोक पाडन."

सार्जंटला मी शब्द न् शब्द सांगत होतो. त्यानं पेन खाली ठेवलं.

"शनिवारच्या प्रेस झाल्या म्हणे सगळ्या?"

"झाल्या. नाचाच्या नऊवाऱ्या होत्या ना बायांच्या. तिच्या घरी जागा कुठं? अर्ध्या शेजारच्या बाईच्या कपाटात ठेवल्या म्हने. ते बाई डबे करते, लय मायाळू."

हे भाषांतर ऐकलं आणि सार्जंटचे कान गाजराचे बीट झाले. खबर कुणी दिली हे मला त्या कानांनी सांगितलं. तो उठून बाहेर गेला. शिपायाला कुठे पाठवायचं ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

इकडे म्हातारबुवा थांबायला तयार नव्हते. "भेटली तर तिले येक सांगजा. मान कापून काई होनार नाही म्हना. पुंगळी अडकते ते मानेनं नाही अडकत, अंगानं अडकते. अंगाले जरासा उतार दे म्हना, निमुयतं कर."

"उतार!" बाई खुर्चीतून अर्धी उठली. "बाबा, मी अंग सरळच ठेवलंय!"

"अवो, तू तिथंच हाये? मंग मघापासून बोलत काऊन नाही?"

ती हसत होती, डोळे पुसत होती, आणि माझ्या खिशातलं पेन मागून जप्त केलेल्या मुद्देमालावरच बारीक रेघ मारत होती. वकील कपाळाला हात लावून बसला. ठाणं, अटक, परवाना, सगळं ती विसरली होती. अपराधी माणूस पुष्कळ सोंगं आणतो. आपण कुठे बसलो आहोत हे विसरण्याचं सोंग मात्र मी कुणाला जमलेलं पाहिलेलं नाही. रेघ मारून झाली तशी त्या पुंगळीला कंबर आल्यासारखी वाटली. मला टाळी वाजवावीशी वाटली. जागेचं भान म्हणून नाही वाजवली.

थोड्या वेळानं शिपायाचा फोन आला. खबर देणाऱ्या, शेजारच्या डबेवाल्या वहिनींच्या जिन्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, प्रेस केलेल्या, म्हणजे इस्त्री केलेल्या नऊवाऱ्या सापडल्या होत्या. प्रेसमध्ये, म्हणजे यंत्रात, भरलेलं काहीही सापडलं नव्हतं. वहिनी दारात उभ्या राहून रडत होत्या. त्यांना खरंच वाटलं होतं की पलीकडे कुणाचा तरी जीव जातोय. त्यांना मी आजही दोष देत नाही. जीव जातोय असं वाटल्यावर जी बाई ठाण्याची पायरी चढते, तिच्या शेजारी राहायला मला आवडेल.

बाई गुन्हा न नोंदता घरी गेली. रेखाचित्र सार्जंटनं स्वतः सरळ करून, गुंडाळून, रबर लावून हातात दिलं. "हे बनवणार तर नाही ना?" त्यानं विचारलं.

"इथे? नाही हो. हा आमचा रविवारचा खेळ आहे. मी काढते, बाबा चुका काढतात."

तपासात ऐकलेला शब्द टिपून घ्यायला पोलिसाला पहिल्या दिवशीच शिकवतात. तो शब्द कुठल्या गावचा, हे विचारायला मला आयर्लंडनं शिकवलं, आणि तेही निवृत्तीनंतर.

शनिवारी हॉलवर नाच झाला. रानमांजराची आई आणि वहिनी शेजारी शेजारी नाचल्या. वहिनींनी नाचाआधी तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला, मानेमागची पिन लावली आणि हळूच म्हणाल्या, "मान वळवून बघ गं. कुठे अडकत नाही ना?"