चार पानांचा पूर्वपक्ष

वर्धा जिल्ह्याच्या वाट्याला जेवढी म्हणून भीती आली, तिच्यातली निम्मी एकट्या आमच्या सरांनी उचलली आहे. उरलेल्यातली बरीचशी माझ्याकडे आहे. पण माझी आपली साधी, घरगुती. सरांची अभ्यासपूर्ण. सर म्हणजे विधी महाविद्यालयातले माझे गुरू, आता निवृत्त, सिंदी मेघेत माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. घराबाहेर पडताना गॅसचा रेग्युलेटर बंद करून ते गेटपर्यंत जातात आणि वास घ्यायला परत येतात. छत्री बारमाही, ती पावसासाठी नव्हे, कुत्र्यांसाठी. कुत्रं दिसलं की ती उघडून तिच्यामागे असे बसतात, की कुत्र्याला वाटावं, इथे कुणी राहतच नाही. सावंगीच्या दवाखान्यात साडूंना बघायला गेले, तेव्हा लिफ्ट नको म्हणून पाच मजले चढले, आणि वर पोहोचले ते अशा अवस्थेत की नर्सने साडूंना सोडून यांचंच बीपी आधी बघितलं. हायवेवर जाम गावच्या चौकात रस्ता ओलांडायच्या विचारात पलीकडून नागपूरच्या दोन बस निघून गेल्या; शेवटी चहावाल्याने हात धरून पार केलं. "मंग काय करू? गाड्या येऊनच राह्यल्या होत्या," असं सर मला नंतर म्हणाले, जणू हायवेवर गाड्या येणं हा हायवेचा दोष आहे.

पण सगळ्यांत गमतीची भीती उंबऱ्याची. सर कुणाच्याही दारात येतात आणि थांबतात. बेल नाही, हाक नाही. आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत पाऊल आत पडत नाही. माझ्या घरी आले की मी पडद्याआडून घड्याळ लावून बघायचो. विक्रम सतरा मिनिटांचा आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी काखेत छत्री धरून या उभं राहण्याची नक्कल करत असे आणि पोरं शिट्ट्या मारत. पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त सरच हसत.

हाच माणूस ब्लॉगवर मात्र वाघ. आम्ही पाच-सहा कायद्याचे मास्तर मिळून कायदा आणि धर्म यांवर मराठीत एक ब्लॉग चालवतो. वाद जुनाच: धर्मातला कोणता आचार अत्यावश्यक आणि कोणता नाही, हे न्यायालयाने ठरवावं का? सर म्हणतात, ठरवावं. बंगळूरला स्थायिक झालेले एक प्राध्यापक म्हणतात, ठरवू नये. दोघं एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' म्हणतात आणि पुढच्याच ओळीत सोलून काढतात. सरांची पद्धत जुन्या शास्त्र्यांची: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, मग उत्तरपक्ष, म्हणजे आपलं खंडन. "अबे, त्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडता आली, तरच खोडाले हात लावायचा," हे त्यांचं सांगणं. लिहितात हाताने, आखीव कागदावर. पानांचे फोटो मला येतात. टाइप करून ब्लॉगवर टाकायचं काम माझं. 'प्रकाशित करा' या बटणाचं सरांना भेव लागतं.

तर एका रविवारी सकाळी चार पानं आली. पहिल्या पानावर कोपऱ्यात बारीक काहीतरी होतं. मला वाटलं, तारीख असेल. मला एका लग्नाला जायचं होतं आणि तिथे पंगतीला कढी-वडे होते, एवढंच माझ्या बचावात सांगतो. टाइप केलं, बटण दाबलं आणि जेवायला गेलो. तिसऱ्या वड्यावर फोन वाजला. बंगळूरकर होते. "अभिनंदन! तुमचे सर अखेर आमच्या बाजूला आले." वडा हातातच राहिला. तिथेच लेख उघडून वाचला. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही हे पंथानेच ठरवावं, न्यायालयाने उंबऱ्याबाहेर थांबावं, असं त्यात इतक्या ताकदीनं लिहिलं होतं की मलाही क्षणभर पटलं. आणि खाली नाव सरांचं. ज्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांचं! फोटो मोठा करून बघितला. कोपऱ्यात तारीख नव्हती. 'पूर्वपक्ष' होतं.

ब्लॉगवरून लेख काढेपर्यंत तो वर्धेत घरोघरी पोहोचला होता. एका जुन्या विद्यार्थ्याने लिहिलं, 'सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष तर मलाच म्हणाले, "चार वाजता येऊन राह्यलो आम्ही सरांकडे. इचारा त्याईले, हे काऊन लिवलं?" चाळीस वर्षांचं नाव मी कढीत बुडवलं होतं. पंगतीतून उठून तडक सरांचं घर गाठलं. दारातच काकू म्हणाल्या, "भाऊ, सकाळपासून पाण्याचा घोट नाई घेतला त्याईनं."

"सर, चुकलो. उत्तरपक्ष द्या, आत्ता टाकतो."

"लिहिलाच नाई."

"म्हणजे?"

"उत्तर मले येते बे. लिहायचं भेव लागते."

साडेतीन वाजले होते. मी फोन काढून म्हटलं, "तुम्ही बोला, मी लिहितो." सरांनी समोरचे कोरे आखीव कागद बाजूला सारले. मग वर्गात बोलत तसं, शुद्ध, सावकाश बोलू लागले:

"उंबऱ्याबाहेर थांबणे म्हणजे काय, हे माझे विद्वान मित्र पुस्तकातून जाणतात. मी एलएल.बी.ला पहिला आलो, तेव्हा गावाने देवळाच्या सभामंडपात माझा सत्कार ठेवला. सरपंच भले गृहस्थ. शाल-नारळ घेऊन ते पायरीपर्यंत बाहेर आले. टाळ्या आत वाजल्या. मला आत न घेणे हा गुन्हा आहे, हे मी परीक्षेत कलमासहित लिहिले होते. मी काही बोललो नाही. मी घाबरलो. म्हणून न्यायालयाने उंबऱ्याबाहेर थांबू नये. बाहेर थांबलेल्याला बोलता येत नाही."

मी टाइप करताना मान वर केली नाही. सतरा मिनिटं आठवत होती, काखेतली छत्री आठवत होती, आणि शिट्ट्या.

चार वाजता अध्यक्ष तिघांना घेऊन आले. दारातच उभे, चेहरे तापलेले. सर उठले. "या ना, आत या. बाहेर काऊन उभे?" मी फोन पुढे केला. अध्यक्षांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "सर," ते म्हणाले, "आमाले वाटे, तुमी लिफ्टलेच भेता."

"लिफ्टलेई भेतो," सर म्हणाले. मग काकूंनी चहा टाकला.

उत्तरपक्ष त्याच संध्याकाळी, पूर्वपक्षासकट, ब्लॉगवर टाकला. नक्कल मी बंद केली आहे. एका संमेलनात सरांनीच विचारलं, "काऊन बे, यंदा छत्री नाई आणली?" आता फाटकाशी छत्रीचं टोक दिसलं की मी पडदा सोडून बाहेर धावतो आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहतो. 'या' म्हणायचं राहूनच जातं.

"आत चाल ना बे," सर म्हणतात. "घर तुयंच आहे."