कोणाचं काडतूस भारी?
बायकोने शिवणयंत्राला तेल घातलं, की बंदुकीच्या तेलासारख्या त्या वासासरशी मी जपानमधल्या नागोयाजवळच्या डोंगरात पोचतो. आयटीच्या कामासाठी तिकडे असताना ऑफिसातले एक शिकारी सहकारी मला रानडुकराच्या शिकारीला घेऊन गेले होते. डुकरांनी तिथली रताळ्यांची शेतं पार उकरून ठेवली होती. केशरी जाकिटं, दंव, कुत्र्यांच्या तोंडातून निघणारी वाफ. नियमाप्रमाणे गोळ्या काढलेल्या बंदुका बाजूला ठेवून सगळे चहाला बसले आणि काडतुसांवरून पेटलेच. सहकारी म्हणाले, "हे अमेरिकेतलं नवं काडतूस, गोळी सुतासारखी सरळ जाते." जुन्याच काडतुसांवर शिकार करणारे शेताचे म्हातारे मालक उसळले, "मग माझी काय वाकडी जाते?" शेवटी मलाच विचारलं, "तुम्ही इंजिनियर, तुम्ही सांगा!" मी फुशारून कागदावर आलेख काढायला घेतला. सगळी डोकी त्यावर वाकली. बांधलेली कुत्री बेंबीच्या देठापासून भुंकत होती, पण लक्ष कोणाचं? हे भलंमोठं डुक्कर दहा पावलांवरून रताळ्यांतून गेलंसुद्धा! मग म्हातारे गरजले, "माझ्या काडतुसाने पडलं असतं!" आजही ऑफिसात नवं टूल की जुनं यावरून जुंपली, की मी आधी खिडकीबाहेर बघून घेतो.