झाकण चुकवायची सवय

१५ नोव्हेंबर २०२४. रुपये १,४०,०००. संचिताच्या रेसगाडीची ही अनामत. गाडी भिंतीला लागली तर पैसे परत नाहीत, आणि नवी अनामत भरल्याशिवाय पुढची शर्यतही नाही. फॉर्म इंग्रजीत होता म्हणून तिचे वडील कुंडलिक मला सोबत घेऊन गेले होते.

कुंडलिक आमच्या डोंबिवलीतल्या रसायनांच्या कारखान्यात तेवीस वर्षं टेम्पो चालवतात. मी तिथेच हिशेब बघतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांचं चाक तुटक्या झाकणातून गटारात गेलं आणि ॲसिडचा ड्रम कलंडला. पोटरीवर खूण अजून आहे. पुढे रविवारच्या रविवारी त्यांनी मुलीला शिळ रस्त्यावर टेम्पो शिकवला तो एकाच नियमावर: झाकण दिसलं की चुकवायचं.

शर्यत दक्षिणेतल्या एका शहरात, रोजच्या रहदारीच्या रस्त्यांवर होती. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, चुकलं तर उतरायला माती नाही. संध्याकाळी आम्ही रस्ता पायी पाहिला. संघाचा इंजिनिअर सलिल एका उजव्या वळणाशी थांबला. "इथे झाकणावरूनच जायचं. वीतभर डावीकडे गेलीस की भिंत."

कुंडलिकनी झाकणावर पाय आपटून पाहिला.

"वेल्डिंग केलंय अप्पा. हत्ती गेला तरी हलणार नाही," संचिता म्हणाली.

"आपल्याकडे पण असंच सांगतात."

"तुम्ही मला घाबरवायला आलायत का?"

कुंडलिकनी झाकणावरचा पाय मागे घेतला.

सरावात ती दर फेरीला झाकणावरून गेली. रविवारी दुपारी, आठव्या फेरीत, ती पाचवी होती. वेग ताशी एकशे नव्वद. अगदी पुढ्यातली गाडी अचानक बाजूला झाली आणि झाकण एकदम समोर आलं. संचिताची गाडी डावीकडे सरकली. मागचं चाक भिंतीला घासलं आणि मोडून लोंबकळलं.

ती चालत परत आली. हेल्मेट काढून म्हणाली, "मला काही झालं नाही अप्पा. झाकण दिसलं नि हात वळला."

"मीच वळवला तो."

"गाडीत मी होते ना."

कुंडलिक खाली बसले आणि उगीचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

पुढच्या शर्यतीला तिच्या जागी दुसरा मुलगा गेला. संचिता आता माजिवड्याला शनिवार-रविवार लहान मुलांना गो-कार्ट शिकवते. कुंडलिक टेम्पो चालवताना झाकणं अजून चुकवतात, पण ती शेजारी असली की चुकवत नाहीत.

अनामतीत मी उसने दिलेले बावीस हजार होते. त्यांतले सहाशे पन्नास कुंडलिककडून अजून यायचे आहेत.