शास्त्रीबुवांनी आईला सांगितलं ते

ठाण्याला आमच्या आळीत देवीची साथ आली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि मी माहेरपणाला आले होते. साथीच्या आधी देवी टोचणारा सरकारी माणूस दारावर येऊन गेला होता. वडील कचेरीत कारकून; त्यांची टोचायला ना नव्हती. पण आईनं माझ्या धाकट्या भावाला माजघरात नेऊन कडी लावली. म्हणाली, "देवीच्या कामात माणसानं हात घातला तर ती कोपेल."

पुढे त्यालाच देवी आल्या. घरातली फोडणी बंद झाली, दाराला कडुलिंब लागला. आई त्याच्या उशाशी बसून देवीची आर्जवं करत राहिली. तो गेला.

वडील तिला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आईनं अन्न टाकलं. ताट पुढे केलं की म्हणायची, "मी मारलं त्याला." वैद्यांचं काही चालेना. शेवटी वडील आम्हां दोघींना आगगाडीनं कल्याणला घेऊन गेले. तिथं खाडीकाठच्या देवळात एक शास्त्रीबुवा पुराण सांगत, आणि पुराण संपलं की लोक त्यांच्यापाशी मनातलं बोलायला थांबत.

आई खांबाआड बसली. वडिलांनी सगळं सांगितलं. शास्त्रीबुवांनी विचारलं, "बाई, तो टोचणारा कुणी पाठवला होता?"

"सरकारनं," आई पुटपुटली.

"देवीनं पाठवला होता. तुम्हांला ओळखू आला नाही, एवढंच. ती रागावलेली नाही. पुन्हा येईल तेव्हा ओळखा."

आई पदरात तोंड घालून हमसाहमशी रडली. मग देवळाच्या पायरीवर बसून शिदोरीतली अर्धी भाकरी खाल्ली.

त्यानंतर ती बदलली ती कायमची. टोचणारा आला की त्याच्या पुढे दारोदार फिरायची, पार खाडीवरच्या कोळीवाड्यापर्यंत. एकदा एक कोळीण तिच्या अंगावर धावून आली. "तुजा पोर गेला, न आता आमच्या पोरांवर डोला ठेवलास का गो?" आई तिथंच अंगणात बसली आणि भावाचं सगळं पहिल्यापासून सांगू लागली. कोळणीनं ऐकून घेतलं आणि पोराला बाहेर आणलं.

वडील मात्र पुन्हा देवळात गेले नाहीत. एकदा मला म्हणाले, "देवीनंच पाठवला होता, तर हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

पुढे माझी मुलगी गेली, साध्या तापानं. आईच्याच मांडीवर बसून तिनं टोचून घेतलं होतं. आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "ती रागावलेली नाही गं." मला अर्थच लागेना. रागावण्यासारखं मी केलं काय होतं?

मी यजमानांबरोबर कल्याणला गेले. शास्त्रीबुवा थकले होते, पण त्यांना आई आठवत होती. मी विचारलं, "टोचणारा देवीनं पाठवला, हे खरं होतं का?"

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "तुमची आई जेवत नव्हती. तोंडात आलं ते बोललो."

"मग मला काय सांगता?"

ते म्हणाले, "मुली, तुला सांगायला मला काही सुचत नाही."

यजमान चिडले, एवढं लांब येऊन हेच ऐकायचं होतं का, म्हणाले. मला राग आला नाही, बरंही वाटलं नाही. आईला त्यांनी वाटेल ते सांगितलं आणि ती उभी राहिली. मला खरं सांगितलं. यात त्यांनी कुणावर जास्त माया केली, हे मला आजही ठरवता येत नाही.

माहेरी परत आले तर आई विचारायला लागली, "काय म्हणाले?"

"तुझी आठवण काढली," मी म्हटलं. ती इतकी खुलली की मी पुढे बोललेच नाही.