रंगाखालचा क्लॅम्प

माझं शेवटचं पोस्टिंग जम्मूकडच्या एका डोंगरमाथ्यावर होतं. सिग्नलची छोटी तुकडी. मी हवालदार, म्हणजे चुका माझ्या आणि कौतुक वरच्यांचं. नाईक मिलिंद घेवंदे वाटूरचा, मी अंकुशनगरचा. जगाशी आम्ही हिंदीत बोलायचो, एकमेकांशी जालन्याचं.

अँटेनाचा मास्ट, म्हणजे उंच खांब, उभारणं सोपं असतं. दोर नीट ताणले की तो उभा राहतो. अवघड असतं अर्थिंग. वीज पडलीच, तर तांब्याच्या जाड तारेनं तिला थेट जमिनीत जाता आलं पाहिजे, आणि जमीन ओली पाहिजे. त्या खडकात ओल कुठली? मिलिंदनं नियम केला: दाढीचं, भांड्यांचं पाणी अर्थिंगच्या खड्ड्यातच ओतायचं. कॅप्टनसाहेबही साबणाचं पाणी घेऊन तिकडं निमूट जायचे.

मग एका मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. अशा वेळी फौज शत्रूला विसरते आणि ब्रश शोधते. नायब सुभेदारांनी दगड रंगवले, बादल्या रंगवल्या. तार जमिनीतल्या रॉडला जोडणारा अर्थिंगचा क्लॅम्प खोलून रॉडला लाल ऑइल पेंट दिला आणि रंगावरच क्लॅम्प पुन्हा आवळला.

मिलिंद माझ्याकडं आला. "उस्ताद, वीज काय रंग बघून उतरंल का? तार रॉडला टेकलीच न्हाई."

मी नायब सुभेदारांना सांगितलं. ते म्हणाले, "साहब को जाने दो, फिर खुरच लेना."

मोठे साहेब आले. मास्टकडं बघून "व्हेरी स्मार्ट" म्हणाले, भजी खाल्ली आणि जीपनं उतरले.

त्याच दुपारी ढग दाटले. गडगडाट जवळ आला की अँटेनाची तार वायरलेस सेटपासून काढायची, हा आमचा नियम. मी हात घातला आणि सेट बोलला. खाली गस्तीवर गेलेल्या तुकडीतला लान्स नायक देवीराम होता.

"नाला चढ़ गया है. रास्ता बताओ. ओव्हर."

नकाशा माझ्यापुढं होता. सेट बंद केला, तर ती पोरं पुरात वाट शोधत बसणार होती.

मिलिंदनं कानस उचलली. "तुम्ही बोलत राहा उस्ताद. मी रंग काढून येतो."

"जल्दी ये."

"येतो की. चहा ठिवा."

मी देवीरामला डोंगराच्या धारेनं वर घेत राहिलो. बाहेर कानशीचा आवाज येत होता, मग पान्याचा. मग तो थांबला. काम झालं होतं. तेवढ्यात वीज मास्टवर पडली आणि त्याच तारेनं जमिनीत उतरली. सेट शाबूत राहिला. मिलिंद खड्ड्यापासून दोन पावलांवर होता. ओल्या जमिनीतून ती त्याच्यापर्यंत पोचली.

गस्तीची तुकडी पूर्ण परत आली. देवीरामनं मिलिंदला खांदा दिला.

गेल्या उन्हाळ्यात मी वाटूरला गेलो. मिलिंदची आई एकटी राहते. घरात फोनला रेंज नव्हती, म्हणून मी गच्चीवर इंटरनेटची अँटेना बसवली. विजेच्या तारांपासून लांब, पाइप भिंतीला घट्ट, अर्थिंग आधी आणि बाकी नंतर. क्लॅम्पखालचा रॉड कानशीनं चकचकीत केला. माय शिडी धरून उभी होती.

"तिकडं त्यानं असंच केल्तं?"

"बराबर असंच."

"मंग चांगलं केलं व्हतं का?"

"त्याच्यामुळं सगळे परत आले, माय."

खाली आल्यावर मी हिमाचलला व्हिडिओ कॉल लावला. देवीराम आता सुभेदार आहे. कॉल लागताच तो उभा राहिला. मायनं पदरानं स्क्रीन पुसली आणि त्याचा चेहरा सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत बघितला.

"लेकरं किती तुला?"

मी त्याला हिंदीत विचारलं. तो म्हणाला, "दो, माताजी."

"दाखीव," माय म्हणाली.