निवडणुकीचा निधी आणि डोक्याचा रंग

डोक्याला रंग लावून बसलेली बाई कुठेही जाऊ शकत नाही. तिला रस्त्यावर उतरता येत नाही, फोन कानाला लावता येत नाही, आणि 'गॅसवर दूध ठेवून आलेय' असं म्हणून सुटायचीही सोय नसते. वहिनींचं सगळं राजकारण या एका गोष्टीवर उभं होतं.

वहिनी म्हणजे औषधाच्या दुकानाला लागून असलेल्या पार्लरवाल्या. आत दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतीलगत लांब बाक आणि एक मोठी खिडकी. त्या खिडकीतून अख्खा बाजार दिसतो, आणि अख्ख्या बाजाराला आतलं दिसतं. त्यांना सगळेच वहिनी म्हणतात, त्यांच्याहून मोठ्या बायकासुद्धा. नात्याने वहिनी म्हणणारी मात्र एकच होती, त्यांची नणंद. आणि तिने आजवर त्या पार्लरची पायरी चढली नव्हती.

नणंदबाई वकील. केसांसाठी त्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायच्या. तिथे आत गेल्यावर आधी पाणी विचारतात, आणि बिल बघितल्यावर ते खरोखरच लागतं. चारचौघांत ओळख करून द्यायची वेळ आली की त्या म्हणायच्या, "ही माझी वहिनी. घरीच असते." वहिनींनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तेही सकाळपासून डोकी करून करून पायांचे तुकडे पडले असताना. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण वहिनी काही बोलल्या नाहीत म्हणजे विसरल्या, असं समजणारा माणूस त्यांच्या घरात एकच होता, तो म्हणजे त्यांचा नवरा.

तर या नणंदबाई विधानसभेला उभ्या राहिल्या. समोर मोठ्या बाई, म्हणजे मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या मतदारांना त्यांनी लहानपणी बाकावर उभं केलं होतं, आणि ते मतदार अजूनही त्यांना रस्त्यात पाहिलं की सिगारेट मागे लपवायचे. मागच्या खेपेला या जागेचा निकाल एका बऱ्यापैकी लग्नात जेवतात तेवढ्या मतांनी लागला होता. म्हणून दोन्ही पक्षांनी इथे जीव पणाला लावला होता. जीव लावला, पैसा मात्र निम्माच. उरलेला निम्मा उमेदवाराने आपल्या गावातून उभा करायचा, असा वरून निरोप आला.

नणंदबाईंना मागायला यायचं नाही. त्या लोकांकडे जायच्या, रस्ते, गटारं, शाळा असं मुद्देसूद मांडायच्या, लोक मान डोलवायचे, "अगदी बरोबर आहे तुमचं" म्हणायचे, आणि दारापर्यंत सोडायला यायचे.

"ताईचं काही खरं दिसत नाही," नवरा एकदा जेवताना म्हणाला. "कालपासून दोन ठिकाणी चहा मिळाला, बाकी काही नाही."

वहिनींनी त्याच्या पानात भाजी वाढली आणि दुसऱ्या दिवशी पक्षाचं पावतीपुस्तक मागवून घेतलं.

वहिनींचं म्हणणं असं की गटारासाठी स्वतःच्या पर्समधून पैसे कोणी काढत नाही. बाई पैसे काढते ते कुणाला तरी दाखवून द्यायला. ते कुणाला, तेवढं शोधायचं. दातांच्या डॉक्टरांच्या बायकोच्या डोक्याला रंग लावून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं,

"डॉक्टरांनी मोठ्या बाईंना बरीच देणगी दिली म्हणे?"

"दिली? कधी?"

"मला काय माहीत बाई. तुम्हाला विचारलं असेल की."

"मला? मला विचारून ते साधा टूथब्रश घेत नाहीत."

"मग तुम्ही तरी त्यांना कशाला विचारायचं?" वहिनी म्हणाल्या आणि कंगव्यांच्या ट्रेमधून पावतीपुस्तक बाहेर काढलं.

कुणाचा दीर, कुणाची सासू, कुणाचा सोसायटीचा सेक्रेटरी मोठ्या बाईंच्या बाजूचा निघायचा. ज्यांच्या घरात कुणीच मोठ्या बाईंच्या बाजूचं नव्हतं, अशा बायकांकडून मात्र वहिनींना फार काही मिळालं नाही. त्या नुसत्याच "आमचं घर तुमचंच आहे" म्हणायच्या आणि केस वाळवून जायच्या.

महिनाभरात नणंदबाईंच्या पक्षाच्या हिशेबनिसाने विचारलं की एवढ्या पावत्या फाडणारी ही पार्लरवाली बाई कोण. नणंदबाई म्हणाल्या, "घरचीच आहे." पार्लर त्यांनी गाळलं.

मग ठरलं निधीभोजन. मोठा हॉल, पैसे भरून ताट, पुढच्या टेबलांना जास्त दर. पुढची टेबलं कंत्राटदार आणि व्यापारी घेणार, पण मागची पंधरा टेबलं भरायची कुणी? नणंदबाई स्वतः भावाकडे आल्या.

"वहिनी, ती मागची टेबलं तू बघ ना."

"बघते की, वन्सं. पण त्या दिवशी तुमचे केस मी करणार."

"अगं हो, चालेल! सकाळी घरी ये, निवांत—"

"घरी मी स्वयंपाक करते. केस दुकानात."

नवरा उठून नळ नीट बंद आहे का ते बघायला गेला.

नणंदबाईंनी थोडा वेळ पिशवीचा बंद गुंडाळला, सोडला. "मागून दार आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे. बादल्या असतात तिथे. शुक्रवारी अकराला या."

इथे वहिनींनी जे केलं ते काही चांगलं केलं नाही. त्यांच्या एकूणएक गिऱ्हाइकांना ठाऊक होतं की शुक्रवारी साडेअकराला कोण येतं. वहिनींना एवढंच हवं होतं की नणंदबाईंनी त्यांच्या खुर्चीत बसावं आणि कुणीतरी ते बघावं. कुणीतरी म्हणजे कोण, हे मात्र त्यांनी जरा जास्तच विचार करून निवडलं होतं.

शुक्रवारी नणंदबाई बादल्यांमधून वाट काढत आल्या. वहिनींनी त्यांना खिडकीशेजारच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, पांढरे केस मुळापासून रंगाने नीट भरले. बाकावर दातांच्या डॉक्टरांची बायको आणि आणखी दोघी मासिकं चाळत होत्या. मासिकाचं पान मात्र एकीचंही उलटत नव्हतं. तेवढ्यात पुढचं दार उघडून मोठ्या बाई आत आल्या, छत्री खुंटीला लावली आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या.

आरशात दोघींची नजरानजर झाली. याच दोघी गेला महिनाभर व्यासपीठांवरून एकमेकींना काय काय म्हणत होत्या. एकीने म्हटलं होतं, यांना शाळा आणि राज्य यांतला फरक कळत नाही. दुसरीने म्हटलं होतं, वकिलाचं काय, दोन्ही बाजूंनी बोलतो.

"अगंबाई, तू?" मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हणजे तुझेही पांढरेच."

"थोडेसे. फक्त पुढचे."

"सगळ्यांचे फक्त पुढचेच असतात. काय गं वहिनी?"

बाकावरून फुसकन हसू आलं.

"आज तुमचं जेवण आहे म्हणे," मोठ्या बाई पुढे म्हणाल्या. "ताट केवढ्याला ठेवलंय? मागच्या टेबलावर एखादं उरलं असेल तर मी पण येते. बघू तरी, माझ्याविरुद्ध जेवायला काय देतात."

नणंदबाई ताडकन उठल्या. "वहिनी, धू."

"वन्सं, अजून वेळ झालेली नाही."

"धू म्हणते ना!"

"आत्ता धुतलं तर भलताच रंग चढेल हो. जरा बसा."

"बसा? तू मला मुद्दाम बसवलंयस इथे!"

वहिनींनी नळ सोडला. त्यांनी रंग धुतला. नणंदबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून मागच्या दाराने गेल्या. कोणती बादली कुठे होती ते सगळ्यांना आवाजावरून कळलं.

"माझा मात्र पूर्ण वेळ ठेव," मोठ्या बाई डोळे मिटून म्हणाल्या. "मला कुठे पळायचं नाहीये."

बायका हसल्या, वहिनीही हसल्या. दुपारी डबा उघडल्यावर मात्र त्यांनी तो तसाच पुन्हा बंद केला. संध्याकाळी त्या हॉलमध्ये मागच्या पंधरा टेबलांवर कोण बसणार होतं? त्यांचंच गिऱ्हाईक. आणि समोर, दिव्यांखाली, ते डोकं. निवडणूक कोणी जिंको, लोक म्हणणार एवढंच, की हे वहिनींनी केलंय. त्यांनी नणंदबाईंना फोन लावला, पुन्हा लावला. शेवटी नवऱ्याला पाठवलं.

"काय म्हणाल्या? रंग नीट करून देते म्हणून सांगितलंत ना?"

"सांगितलं. म्हणाली, झालं तेवढं पुरे."

"आणि केस कसे आहेत?"

नवऱ्याने बराच विचार केला. "गाजराचा रस कधी सांडलाय का तुझ्या हातून?" तो म्हणाला.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. नणंदबाई माईकपाशी आल्या, वरचा दिवा लागला, आणि पंधरा टेबलांवरचे चमचे एकदम थांबले. कपाळावरचा पट्टा केशरी, त्यामागे तपकिरी, त्यामागे जुना काळा. बायकांनी आधी तिकडे पाहिलं, मग वळून वहिनींकडे पाहिलं. दातांच्या डॉक्टरांच्या बायकोने हळूच विचारलं, "वहिनी, ही नवी फॅशन का?" खरं काय झालं ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण शेजारच्या टेबलाला नव्हतं.

नणंदबाईंनी गटारांपासून सुरुवात केली. कुणी ऐकत नव्हतं. रस्त्यांवर आल्या. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या भुवयांच्या वरच. त्यांनी हातातला कागद घडी करून ठेवला.

"तुम्ही माझ्या डोक्याकडे बघताय."

वहिनींनी चमचा खाली ठेवला. एक वाक्य, आणि त्यांचं दुकान बसलं असतं. ते वाक्य बोलायचा नणंदबाईंना आज हक्कही होता, हेच तर वाईट होतं.

"हे माझ्या वहिनीच्या पार्लरमध्ये झालं," नणंदबाई म्हणाल्या. "ती बघा, मागे, खांबाच्या आड बसलीय. तिचं स्वतःचं पार्लर आहे. मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले की ती घरीच असते. आज तिथे पहिल्यांदा गेले. तिने रंग चांगला लावला. म्हणाली, बसा, वेळ होऊ द्या. मी उठले. का उठले? तर शेजारच्या खुर्चीत मोठ्या बाई येऊन बसल्या, आणि त्यांना कळलं की माझेही केस पांढरे आहेत!"

पहिल्यांदा मागची टेबलं हसली, मग पुढची.

"आता ऐका. मोठ्या बाई त्याच वेळेला येतात हे कुणाला माहीत होतं? आणि मला ती वेळ कुणी दिली?" त्यांनी हात लांब करून खांबाकडे दाखवला. "मंडळी, अशी वहिनी घरात असल्यावर विधानसभेत मला कुणाची भीती वाटणार आहे?"

टेबलं बडवली गेली. वहिनी दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होत्या. निदान हसताहेत असं त्या दाखवत होत्या. त्या रात्री पुढच्या टेबलांनी कबूल केलं होतं तेवढंच दिलं. मागच्या टेबलांनी पावतीपुस्तक संपवलं.

दुसऱ्या दिवशी नणंदबाई पुढच्या दाराने येऊन रंग नीट करून घेऊन गेल्या. दोघींत बोलणं फारसं झालं नाही. "डोकं जरा खाली करा," "पाणी गार आहे गं," एवढंच.

निवडणूक नणंदबाईंनी जिंकली, ती या वेळी साखरपुड्याला जेवतात तेवढ्या मतांनी. मोठ्या बाईंनी फोन करून अभिनंदन केलं आणि सांगितलं की भाषणात कागद बघत जाऊ नकोस, पाठ कर.

शपथविधीला निघायच्या आदल्या दिवशी नणंदबाई पार्लरमध्ये होत्या, केसांच्या मुळांत रंग भरलेला. फोन वाजला. त्यांचे हात कापडाखाली, म्हणून वहिनींनी घेतला.

"नाही, त्यांना आत्ता देता येणार नाही. डोक्याला रंग आहे. अर्ध्या तासाने करा... असाल हो तुम्ही मोठे. पण मध्येच उठल्या तर काय होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय." वहिनींनी फोन ठेवला.

"कोण होतं?"

"तुमच्या पक्षाचे कुणीतरी मोठे. मंत्रिपदाचं काही म्हणत होते. लगेच कळवा म्हणाले."

नणंदबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. तशाच, वाकलेल्या, त्यांनी आरशात आपल्या डोक्याकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं.

आणि खाली बसल्या.